पडद्यावरची तलवार आणि पिठाचा कोंबडा

लातूर-नांदेडच्या आपल्या घरांतील मुले शिकवणीवरून परतली की काही वेळ व्हिडिओ गेममध्ये रमतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’ या गेमचा परिचय मला नातवामुळे झाला.

असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी राजी ही त्याची नायिका. त्रिशूळ, धनुष्य, ढाल-तलवार घेऊन ती खांबा-भिंतींवरून झेपावत वेगाने लढते. राजस्थानी वास्तुकलेची आठवण देणारे महाल आणि बाहुल्यांच्या खेळातून उलगडणारी कथा हे या गेमचे वैभव. खेळताना अवधान लागते, हाही गुणच. मात्र मधली कोडी फार सोपी आहेत आणि कथा अर्ध्यावर तुटल्यासारखी संपते.

खरा विचार पुढेच आहे. भावाच्या रक्षणार्थ राजीने शस्त्र उचलणे ही विरोधी हिंसा होय. श्रावकाला सर्वथा वर्ज्य सांगितली आहे ती संकल्पी हिंसा. पण खेळणाऱ्याचे काय? सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ (इ. स. ९५९) ग्रंथातील यशोधर राजाने पिठाचा कोंबडा बळी दिला. जीव कोणाचाही गेला नाही. तरी मारण्याच्या संकल्पामुळे त्याला आणि त्याच्या मातेला कित्येक तिर्यंच जन्म भोगावे लागले. पडद्यावरचा असुरही पिठाचाच कोंबडा नव्हे काय?

केवळ बंदीने हा प्रश्न मिटत नाही. आईवडिलांनी थोडा वेळ शेजारी बसावे. मुलाचे मन भावाला सोडवण्यात गुंतले आहे की मारण्यातच त्याला गोडी लागली आहे, हे चेहऱ्यावरून कळते. ती गोडी दिसली, की खेळ तिथेच थांबवावा.