पायनघाटांतील टेरियर

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन भाग पाडिले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगांव हा पूर्णेकांठच्या काळ्या मातीचा पायनघाट. आणि राजूर घाट चढून गेलें कीं लागणारें बुलढाणें, समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंच. वैशाखांत खालीं अंग भाजून निघतें, तेव्हां वर सायंकाळीं थोडा तरी वारा सुटतो. यंदा खालच्या मुलुखांत फिरतांना आमच्या एका आप्तांच्या ओसरीवर आम्हीं जॅक रसेल जातीचें टेरियर पाहिलें. उंची वीतभराहून थोडी अधिक. अंगांत वारें मात्र घोड्याचें.

इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत जॉन रसेल (१७९५–१८८३) नांवाचे एक पाद्री होऊन गेले. बिळांत दडलेल्या कोल्ह्यास बाहेर काढण्यासाठीं त्यांनीं हीं कुत्रीं जोपासलीं. टेरियर हें नांवच मुळीं भूमिवाचक लॅटिन शब्दापासून आलेलें. आपल्याकडे तें खेळणें म्हणून आणितात, आणि सारे घोटाळे तेथूनच सुरू होतात. वेदांतील सरमाहि गाई हुडकणारी होती, मांडीवर बसणारी नव्हे!

उन्हाळ्यांत काळ्या जमिनीस भेगा पडतात. उंदीर, घुशी आणि त्यांच्या मागावर नाग, घोणस त्यांत शिरतात. वास लागला कीं या कुत्र्यास धन्याची हांक ऐकूं येत नाहीं. म्हणून शेतावर दोरी हातांतून सोडूं नये. अंगणांत तुळशीवृंदावनाभोंवतीं उकरलें म्हणून मारून उपयोग नाहीं. एका कोपऱ्यांत वाळू टाकून द्यावी, तेथें तें सुखानें उकरील. कुत्र्यास आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. मुख्यतः धापा टाकूनच तें अंग निववितें. फिरणें सूर्योदयापूर्वीं उरकावें. डांबरी रस्त्यावर आपला तळहात क्षणभर ठेववत नसेल, तर त्याचे पंजेहि तेथें पडूं देऊं नयेत.

त्या घरीं मुलें त्यास शिऱ्यांतील बेदाणे कौतुकानें भरवीत होतीं. आम्हीं तत्काळ थांबविलें. बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांस घातक ठरूं शकतात. कांदा व चॉकोलेटहि वर्ज्यच. नुसत्या दूधभातावरहि तें पोसत नाहीं; पशुवैद्यास विचारून आहार ठरवावा. एकत्र कुटुंबांत त्यास एकटेपणा भासत नाहीं, हें खरें. पण काका ‘बस’ म्हणतात, पुतण्या ‘धर’ म्हणतो आणि आजी हळूच पोळी टाकते, तेव्हां त्यानें ऐकावें कोणाचें? शिकविणारें माणूस एकच नेमावें. लहानग्यांनीं तें जेवत असतां त्याच्याजवळ जाऊं नये, आणि पिसाळण्याविरुद्धची लस चुकवूं नये.

आप्तांचा विचार उन्हाळाभर तें बुलढाण्यास बहिणीकडे ठेवण्याचा आहे. हवेच्या दृष्टीनें तो योग्यच. मात्र बुलढाणें-खामगांव वाटेवर ज्ञानगंगेचें अभयारण्य आहे, तेथें बिबट्यांचा वावर असतो, आणि बिबट्यास कुत्रें म्हणजे सोपा घांस. दिवेलागणीनंतर तें दाराआड असावें, हें आम्हीं बहिणीस निराळें पत्र लिहून कळविलें आहे.