मुरमातली विष्णुकांता

श्रावण सरत आला की पुण्याच्या वेताळ टेकडीवरचं गवत गुडघ्याला लागतं, पण खाणीच्या बाजूच्या उतारावर मुरूम उघडाच राहतो. माती अशी फारशी नाहीच. कातळाचा चुरा, त्यात ओल जेमतेम. तिथे विष्णुकांता भुईसरपट पसरते. सकाळच्या उन्हात फुलते, दुपारपर्यंत मिटते. उन्हं चढल्यावर फिरायला येणाऱ्यांना ती दिसतच नाही.

रताळ्याच्या, गणेशवेलीच्या कुळातली ही. पण कशावरही चढत नाही. फूल करंगळीच्या नखाएवढं. पाकळ्या सुट्या नाहीत, एकच पसरट निळी चकती, मधोमध पांढरट, त्यात पांढरे परागकोश. पानांवर आणि देठांवर रेशमी लव असते. तिच्यात दव अडकलं की सगळं रोप रुपेरी होतं. गुडघे टेकून बसल्याशिवाय यातलं काही कळत नाही, आणि तसं बसलं की खालच्या शहराचा आवाजही मागे पडतो.

चरकसंहितेत बुद्धिवर्धक म्हणून चार रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. त्यातही शंखपुष्पीला विशेष मान. पण ती शंखपुष्पी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती? सरकारी आयुर्वेदिक औषधिकोशाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस हे विष्णुकांतेच्या कुळातलंच दुसरं रोप धरलं आहे. केरळात गोकर्ण वापरतात. कित्येक ठिकाणी आपली निळी विष्णुकांताच शंखपुष्पी म्हणून विकली जाते. शिवाय ताप, आमांश यांवर तिचा काढा देण्याची जुनी रीत आहेच. मला हा मतभेद किरकोळ वाटत नाही. वाळवून, कुटून पुडीत भरल्यावर नुसत्या डोळ्यांना काहीच ओळखू येत नाही. ओळख पटवायची ती इथे, फूल उमललेलं असताना.

आणि ही जागा आपण ओसाड समजतो! झाडं नाहीत म्हणून उतारावर खड्डे घेतले जातात, पूर्वी तर गिरिपुष्पाची रोपं लागली, आणि त्यांच्या दाट सावलीत उन्हाची ही फुलं तग धरत नाहीत. वृक्षारोपणाला टेकडीवर जाणार असाल, तर आधी भाद्रपदातल्या एखाद्या सकाळी तिथे खाली वाकून पाहा. रोप उपटू नका, औषध वैद्यांना विचारूनच घ्या, आणि जिथे विष्णुकांता दिसेल तिथे कुदळ मारू नका.