अण्णांची सायकल

गेल्या वर्षी वाईजवळच्या आमच्या गावचे घर दुरुस्तीस काढले. गोठ्यातील अडगळ उपसताना पोत्यांच्या ढिगामागे अण्णांची सायकल हाती लागली. अण्णा म्हणजे माझे वडील. शेजारच्या गावी ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. १९६३ साली त्यांनी ही रॅले सायकल घेतली आणि निवृत्त होईपर्यंत रोज चार मैल जाणे व चार मैल येणे तिच्यावरच केले. आता तिची दशा पाहवत नव्हती. टायर चिरफळले होते, सीटचे कातडे वाळून आक्रसले होते आणि चेन वाळक्या वेलीसारखी ताठ झाली होती. भंगारवाला ती वजनावर न्यावयास तयार होता. मी मात्र तिला टेम्पोत घालून पुण्यास आणली.

सायकल नवीन करावयाची, पण दुकानात न देता स्वतःच्या हातांनी, असा माझा संकल्प होता. पान्हे, पक्कड, हातोडी, रॉकेलचा डबा आणि एक जुने धोतर एवढी सामग्री घेऊन मी गच्चीवर बसलो. पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. डावे पॅडल काही केल्या सुटेना. मी सारे बळ लावून पान्हा फिरवीत होतो आणि ते अधिकच घट्ट होत होते. मग आठवले, की डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पाय मारताना पॅडल आपोआप सुटू नये म्हणून ती योजना आहे. जो स्क्रू सुटत नाही तो कदाचित आपणच आवळीत असू, हे ज्ञान मला सदुसष्टाव्या वर्षी झाले!

चेन रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवली. सकाळी तळाशी काळा गाळ बसला होता आणि चेन सापासारखी वळू लागली होती. पुढच्या बिल्ल्यावर बगळ्यासारख्या पक्ष्याचे डोके आहे. तो चिंचेने घासताच पितळ उजळले. ही सायकल बंगालमधील आसनसोल येथे सेन-रॅले कारखान्यात तयार झाली होती. तो कारखाना बंद पडून आता कित्येक वर्षे लोटली.

चाक उघडण्यात मला सर्वांत अधिक आनंद झाला. बैलगाडीच्या चाकात ज्याला तुंबा म्हणतात, त्याला सायकलवाले हब म्हणतात. मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूस पाव इंची नऊ छर्रे असतात. माणसाचे सारे ओझे घेऊन चाक फिरते ते ह्या अठरा गोळ्यांवर! मी ते वाटीत काढले, तर सतराच भरले. अठरावा गच्चीच्या पन्हाळीतून केव्हाच खाली गेला होता. शेवटी सारेच छर्रे नवे आणले, कारण जुन्यांत एकच नवा मिसळला तर बहुतेक भार त्या एकट्यावर येतो.

चाकाचा आऊट काढावयास तीन दिवस लागले. पुढच्या चाकात बत्तीस आणि मागच्या चाकात चाळीस तारा असतात. निम्म्या हबच्या डाव्या अंगास, निम्म्या उजव्या अंगास. चाक उजवीकडे झुकत असेल, तर तेथील डावीकडची तार थोडी ताणावयाची, उजवीकडची तितकीच सैल करावयाची. चिमट्याला पेन्सिल बांधून मी चाक फिरवी आणि ते कोठे घासते ते पाही. एका जागी सुधारावे, तर दुसरीकडे बिघडे. ह्या कामात घाई करणाऱ्याचे चाक अंड्यासारखे होते. माझेही एकदा झालेच.

मग रंग खरवडण्यास घेतला. पुढच्या चिमट्याच्या उजव्या पात्यावरचा काळा रंग निघाला, तेव्हा खाली हातोडीचे ठसे दिसले. एक नव्हे, दहा-बारा. माझा हात तेथेच थांबला.

ही गोष्ट १९७० सालच्या पावसाळ्यातील आहे. मी बारा वर्षांचा होतो. अण्णा दुपारी झोपले असता न विचारता मी सायकल बाहेर काढली. सीटवरून पाय पुरत नसत, म्हणून दांडीखालून पाय घालून चालवीत असे. ओढ्याच्या उतारावर वेग आवरेना, ब्रेकपर्यंत हात पोचेना, आणि सायकल पुलाच्या दगडी कठड्यावर आदळली. मला फारसे लागले नाही. चिमटा मात्र वाकला. मी ती ढकलत घरी आणली आणि गुपचूप गोठ्यात टेकवून ठेवली.

सकाळी अण्णांनी विचारले, "सायकल कोणी पाडली?"

"रात्री वाऱ्याने पडली असेल," मी म्हणालो.

अण्णा काही बोलले नाहीत. पुढे अकरा दिवस ते शाळेत पायी गेले. बाराव्या दिवशी सायकल पुन्हा चालू लागली. त्यांनी नवा चिमटा बसविला असेल, असेच मी इतकी वर्षे समजत होतो. नवा चिमटा त्या महिन्यात परवडण्यासारखा नव्हता. गावच्या लोहाराने तोच ठोकून सरळ केला होता.

आई आता शहाऐंशी वर्षांची आहे. चिमटा घेऊन मी तिच्याजवळ गेलो. तिने त्या ठशांवरून बोट फिरविले आणि हसून विचारले, "वाऱ्यानं पडली होती ना रे ती?"

"तुला ठाऊक होतं?"

"त्यांनाही होतं. तुझ्या गुडघ्याला हळद मीच नव्हती का लावली?"

तो चिमटा तसाच ठेवावा अशी माझी फार इच्छा होती. तरीही पेठेतील एका तरुण कारागिराला तो दाखविला. त्याने त्यावर रॉकेल चोळले, फडक्याने कोरडे पुसले आणि वर खडू फासला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर केसासारखी एक ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेले रॉकेल बाहेर येत होते. तो म्हणाला, "काका, आठवण म्हणून ठेवा. ह्याच्यावर नातवाला बसवू नका."

मी नवा चिमटा बसविला. जुना माझ्या खोलीत भिंतीवर टांगला आहे. त्याला रंग दिलेला नाही.

सायकल तयार झाली त्या दिवशी पहाटे मी ती घेऊन बाहेर पडलो. अण्णांची सायकल नेहमी किंचित डावीकडे ओढत असे. ते हँडल जरासे उजवीकडे धरून चालवीत, आणि पुढे मी मोठा झाल्यावर मीही तसेच धरू लागलो. सगळ्याच सायकली अशा असतात, असे मला वाटे. आता ती सुतासारखी सरळ धावते. माझे हात मात्र अजून तिला उजवीकडे ओढतात, आणि रस्त्याच्या कडेला जाऊ लागलो, की मला ते ध्यानात येते.