आज्जी बसली आहे

मृत्यूला आपण चिरनिद्रा म्हणतो. निपाणी-चिकोडी भागातील आम्हा लिंगायतांच्या घरी मात्र गेलेले माणूस निजत नाही, ते बसते.

आमच्याकडे 'वारले' असे न म्हणता 'लिंगैक्य झाले' असे म्हणतात. देहाला स्नान घालून, कपाळी विभूती लावून मांडी घातलेल्या स्थितीत बसवितात. फुलांनी सजविलेल्या विमानातून वाजतगाजत नेतात. समाधीच्या खड्ड्यातही बसवूनच ठेवतात आणि आयुष्यभर गळ्यात असलेले इष्टलिंग डाव्या तळहातावर देतात. जंगम मंत्र म्हणतात, विभूती व बेलपत्री वाहिली जाते, मग माती लोटतात. दहन नाही, म्हणून अस्थिविसर्जनही नाही. बाराव्या शतकातील शरणांनी तर सुतकच नाकारले.

मृताला बसविणारे आपण एकटे नव्हे. फिलिपाईन्समधील लुझॉन बेटाच्या उत्तरेस, डोंगरउतारावर भातखाचरे रचणारे इफुगाव लोक पूर्वी मृताला खुर्चीवर बसवून घरापाशी ठेवीत. आप्तेष्ट रात्रंदिवस सोबत करीत. पुढे काही वर्षांनी अस्थी काढून, स्वच्छ करून, वस्त्रात गुंडाळून त्या घरी आणण्याचाही विधी आहे. त्याला 'बोगवा' म्हणतात. त्यांचा मृत घरी परत येतो; आमचा मात्र बसल्या जागेवरून हलत नाही.

खरी अडचण तेथेच आहे. आज्जीची समाधी आमच्या मळ्यात, बांधालगत आहे. वडील आणि काका यांच्यात वाटणी निघाली तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, झाडे मोजून झाली; समाधीपाशी सारे अडले. रस्त्याकडेचा तो तुकडा विकला तर भाव चांगला येईल, असे एका पाहुण्यांनी सुचविले. एरवी भावाशी न बोलणारे काका तेव्हा त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "अव्वा बसलीया तिथं. तिला ऊठ कोण म्हणणार?"

तो तुकडा आणि तेथवर जाणारी पायवाट अखेर सामाईक राहिली.

आमच्यापैकी पुष्कळजण उद्या पुण्या-बंगळुरास तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहतील. तेथे समाजाच्या रुद्रभूमीत जागा मिळेलही. परंतु समाधीला जागेइतकेच लागते ते तिच्याकडे येणारे माणूस. पायवाट वापरली नाही तर दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते, हे शेतकऱ्याच्या मुलांना सांगावयास नको.