दावणीवरचा डॉक्टर

मराठवाड्यातल्या झरी आणि भोवतालच्या गावांत, आखाड्यांवर जनावरांच्या डॉक्टरचा दिवस धारा काढायच्या वेळेला सुरू होतो. दुखण्याची पहिली खबर तेव्हाच लागते. रोज भरणारी चरवी अर्धीच राहते, बैलाने रात्रीची वैरण तशीच ठेवलेली दिसते, शेळी कळपाच्या मागे रेंगाळते. "डॉक्टरसाहेब, कालपासून वैरणीला तोंड लावंना," एवढ्या एका वाक्यावरून निदानाला लागायचे असते. रोगी मुका, आणि त्याच्या वतीने बोलणारा माणूस घाबरलेला. म्हणून डॉक्टर आधी नुसता पाहतो. नाकपुडी ओली की कोरडी, कान गार की गरम, शेण घट्ट की पातळ. मग डाव्या भकाळीवर मूठ दाबून थांबतो. निरोगी जनावराचे कोठीपोट दोन मिनिटांत दोन-चारदा तरी हलते. ती हालचाल हाताला लागली नाही, की घरच्यांना पुढचे प्रश्न सुरू होतात: काल काय खाल्ले, पाणी कुठे पाजले, नवी ढेप आणली का?

सकाळी दवाखान्यापुढचा खोडा रिकामा नसतो. खांदा सुजलेला बैल, खूर वाढलेली म्हैस, गोचिडांनी बेजार झालेली कालवड. माजावर आलेल्या गायी वेगळ्या. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा साधा नियम. रेताची कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात ठेवलेली असते. ती ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरून लगेच वापरावी लागते. कोणत्या वळूची कांडी, हा प्रश्न मात्र घाईने सोडवण्यासारखा नाही. दुधाच्या आशेने सरसकट संकर करण्यापेक्षा कोरडवाहू घरात लाल कंधारी किंवा देवणी टिकवणेच शहाणपणाचे. मराठवाड्याचे ऊन सोसून काळ्या रानात औत ओढणारी ही जनावरे आहेत, आणि एकदा हरवलेला वंश परत विकत मिळत नाही.

दुपार फिरतीची. पावसाळ्यात काळी माती चाकाला धरते, तेव्हा मोटारसायकल बांधावर ठेवून आखाड्यापर्यंत चालत जावे लागते. अशा फिरतीत हमखास भेटते ती नुकतीच व्यालेली, भरपूर दुधाची म्हैस. ती बसलेली असते, मान वळवून कुशीवर टेकवलेली, कान थंडगार. या आजाराचे नाव दुग्धज्वर असले तरी अंगात ताप नसतो. रक्तातले कॅल्शियम एकाएकी दुधात उतरलेले असते. मानेची शीर शोधून कॅल्शियमची बाटली थेंबाथेंबाने सोडायची, दुसऱ्या हाताने हृदयाचे ठोके ऐकत राहायचे, कारण औषध भरकन गेले तर हृदयच थांबते. बाटली संपत येते तशी म्हशीच्या अंगावर थरथर उठते, ढेकर येतो, शेण पडते. थोड्या वेळाने ती मागचे पाय आधी उचलून उभी राहते. सगळ्या पशुवैद्यकात इतक्या लवकर डोळ्यांदेखत फळ देणारा इलाज क्वचितच असेल.

ऋतूंप्रमाणे कामे बदलतात. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प आणि फऱ्याच्या लसी. पावसाने ताण दिल्यावर ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यांत विष साठते, ते खाऊन बैल तासाभरात आडवा होतो. सोयाबीनच्या दिवसांत राशीवर सुटलेले जनावर पोट फुगवून घेते. अशा वेळी दवाखाना लांब असेल तर १९६२ हा फिरत्या पथकाचा क्रमांक कामी येतो.

आणि काही रोग समुद्र ओलांडून येतात. २०२२ साली महाराष्ट्रभर गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी प्रथम नोंदला गेला तो १९२९ मध्ये आफ्रिकेत, झांबियात. त्याच्या उलट, बुळकांडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आशियातून नेलेल्या जनावरांबरोबर आफ्रिकेत शिरली आणि तिथल्या गुराख्यांचे कळपच्या कळप संपले. पुढे तिच्यावरची उत्तम लस वॉल्टर प्लाउराइट यांनी केनियातच तयार केली, आणि २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. आफ्रिकेत गोठे पालथे घालणारा पशुवैद्य आणि झरीच्या वाटेवरचा डॉक्टर एकाच लढाईतले आहेत.

गोठ्यात निभणार नाही अशी शस्त्रक्रिया लागली तर जनावर परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. १९७२ पासूनचे हे महाविद्यालय आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे. पण अडलेली गाय टेम्पोत चढवण्याइतका वेळ दर वेळी नसतो.

ती हाक बहुधा रात्रीची. कंदिलाच्या जागी आता मोबाईलचा उजेड आला, एवढाच फरक. खांद्यापर्यंत हात साबणाने धुवून, तेल लावून आत घालायचा आणि बोटांनीच पाहायचे: हे पुढचे पाय की मागचे, डोके सरळ की वळलेले. मान मागे वळलेली असेल तर कळ थांबते तेवढ्या वेळात वासरू आत सारायचे, जबडा पकडून तोंड वाटेवर आणायचे. ओढायचे ते कळ आली की, तिच्याबरोबरच. दोरीला चौघे जण लावून जोर केला तर गाय कायमची निकामी होऊ शकते.

वासरू बाहेर आल्यावरही डॉक्टरला निघता येत नाही. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही समजूत अनेक घरांत अजून आहे. तिच्यापायी चांगली वासरे दगावतात. गाय वासराला पोटात असताना रोगाशी लढण्याचे बळ देऊ शकत नाही, ते सगळे चिकातूनच मिळते, आणि वासराच्या आतड्याची ते शोषण्याची ताकद तासागणिक घटत जाते. म्हणून चीक पहिल्या तासा-दोन तासांत पाजावा, वार पडो न पडो. दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतका चीक पोटात जावा. वार ओढू नये, तिला दगड बांधू नये. बारा तासांत पडली नाही तर पुन्हा हाक मारावी.