लोणारचें विवर

शुक्ल पक्षांतील अष्टमीच्या सुमारास लहानशा दुर्बिणींतून चंद्राकडे पाहिलें, म्हणजे उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर असंख्य वाटोळे खळगे उठून दिसतात. त्यांच्याच जातीचा एक खळगा आपल्या वऱ्हाडांत आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानांत नसते. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार हें तें स्थळ होय. तेथें जाणारे बहुतेक लोक देवदर्शनास जातात. दर्शन आम्हीहि घेतलें. परंतु तो खळगा कसा पडला असावा, हें त्याच्या कांठावरून उमजतें काय, हें पाहण्याचा आमचा मुख्य हेतु होता.

जालन्याहून मंठ्याच्या रस्त्यानें येतांना विवराची कांहींच चाहूल लागत नाहीं. लोणार गांवाच्या कडेला बांधासारखा बुटका चढ लागतो. तो ओलांडतांच पायांपुढची जमीन संपते, आणि सुमारें १.८ किलोमीटर रुंदीची वाटोळी दरी एकदम दृष्टीस पडते. कांठापासून तळापर्यंतची खोली जवळजवळ १५० मीटर. तळाशीं खाऱ्या पाण्याचें सरोवर, सभोंवार दाट झाडी, आणि तींत कमळजा देवीचें व इतर जुनीं देवळें.

पुराणकथा अशी कीं, लवणासुर नांवाचा दैत्य येथें भुयारांत लपून असे. विष्णूनें पायाच्या आंगठ्यानें त्या भुयाराचें झाकण उडवून त्याचा वध केला. गांवांतील दैत्यसूदनाचें सुंदर देऊळ याच कथेचें स्मारक आहे. झाकण उडाल्याची ही कल्पना शास्त्रीय उपपत्तीच्या किती जवळ येते, हें पाहून आम्हांस मोठें कौतुक वाटलें.

१८२३ सालीं अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें हें सरोवर पाहिलें. पुढें कित्येक भूगर्भशास्त्रज्ञांनीं त्यास ज्वालामुखीचें मुख ठरविलें. दख्खनचा सारा काळा कातळ लाव्हारसाचाच असल्यामुळें हें अनुमान स्वाभाविक होतें. परंतु तो लाव्हा सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचा. विवर मात्र त्या मानानें अगदीं ताजें दिसतें. उलट पक्षीं, आकाशांतून अशनि पडला म्हणावें, तर तो गेला कोठें? एवढ्या खळग्यांत त्याचा धोंडा सांपडूं नये काय?

या शंकेचें उत्तर अशनीच्या वेगांत आहे. असा मोठा अशनि पृथ्वीवर सेकंदास निदान ११ किलोमीटर, आणि बहुधा त्याहून पुष्कळ अधिक वेगानें आदळतो. त्या वेगाची सारी शक्ति क्षणार्धांत एका ठिकाणीं मोकळी होते. अशनि बहुतांशीं वितळून व वाफ होऊन नाहींसा होतो, आणि आघाताची लाट कातळांतून चहूंकडे पसरते. म्हणजे खळगा पहारीनें खणल्यासारखा पडत नसून, सुरुंग उडाल्यासारखा पडतो. म्हणूनच अशनि तिरपा आला तरी विवर बहुधा वाटोळेंच होतें. उडालेला दगडधोंडा भोंवतालीं पडून कांठ उंचावतो, आणि कांठावरचे थर बाहेरच्या अंगास उलथतात. लोणारच्या कड्यांत कातळाचे थर असे बाहेर कललेले आम्हीं स्वतः पाहिले.

निर्णायक पुरावा १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. तळांत भोकें पाडून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट नांवाची कांच सांपडली. फेल्डस्पार खनिजाचे स्फटिक भयंकर दाबाखालीं सांपडले म्हणजे ही कांच बनते; तेवढा दाब कोणताहि ज्वालामुखी देऊं शकत नाहीं. अशनीचा धोंडा उरला नाहीं, पण त्याची साक्ष दगडांनींच दिली.

चंद्रावरील काळे डागहि अशाच बेसाल्ट कातळाचे आहेत. म्हणून तेथील विवरें समजून घेण्यास लोणार फार उपयोगी पडतें. तेथील मोठ्या विवरांत मात्र आणखी एक चमत्कार दिसतो. ८५ किलोमीटर रुंदीच्या टायको विवराच्या मध्यावर डोंगर आहे: आघातानें दबलेला तळ उलट उसळून वर आला आणि तसाच राहिला. लोणारसारख्या लहान विवरांत असें होत नाहीं. त्यांचा आकार साध्या वाडग्याचा राहतो.

मग चंद्रावर खळगे अगणित, आणि पृथ्वीवर आजवर ओळखलेले केवळ दोनशेंच्या सुमारास, असें कां? पृथ्वीवर आघात कमी झाले असें नव्हे. येथें पाऊस, वारा, नद्या व भूगर्भांतील हालचाली जुन्या खुणा पुसून टाकतात. चंद्रावर हवा नाहीं, पाणी नाहीं, म्हणून खुणा टिकतात. लोणारच्या वयाविषयीं मतभेद आहे. एका पद्धतीनें तें सुमारें ५२ हजार, तर दुसरीनें सुमारें ५ लक्ष ७० हजार वर्षें निघतें. कोणतेंहि खरें मानलें तरी एवढ्या काळांत कांठ झिजला आहे, आणि दर पावसाळ्यांत ओहोळांनीं आंत येणारा गाळ तळ भरीत आहे.

२०२० सालीं या सरोवरास रामसर क्षेत्र म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि निसर्ग जें सावकाश पुसतो, तें मनुष्याच्या हातून लवकर पुसलें जाऊं नये. वाचकांनीं मुलाबाळांसह लोणारास अवश्य जावें, देवदर्शन करावें आणि मुलांना कड्यांतील कललेले थर दाखवावे. तेथील चकाकणारा खडा पिशवींत घालून आणण्याचा मोह मात्र टाळावा. कारण घरीं आणलेला खडा नुसता खडा असतो, जागेवर असलेला खडा साक्षीदार असतो.