खोकरीचे घुमट

बदलापूरहून कर्जत, खोपोली, पेण करीत मुरूडला गेलेली मंडळी जंजिरा किल्ला पाहून परततात. जवळच्या खोकरी गावाकडे फारसे कोणी वळत नाही. तेथे तीन दगडी घुमट उभे आहेत. थोरला सिद्दी सुरूल खानाचा. धाकटे दोन याकूत खान आणि त्याचा भाऊ खैरियत खान यांचे. सिद्दी मूळचे आफ्रिकेतले हबशी. त्यांतले कित्येक गुलाम म्हणून इकडे आणलेले. पुढे त्यांच्यातलेच जंजिऱ्याचे धनी झाले. सुरूल खानाच्या कबरीच्या देखभालीसाठी सावली-मिठागर हे गाव इनाम होते. म्हणजे कबरीचा खर्च शेतकऱ्याच्या साऱ्यातून भागे. १९४८ साली संस्थान विलीन झाले. मुरूडला गेलात, तर खोकरीला घटकाभर जरूर थांबा. समुद्रापलीकडची माणसे इथल्याच मातीची झाली, हे तेथे उमगते.